शिफ्ट बदलणार नाही, पण ऐकून घ्या

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आई आणि आण्णा,
सा. न.

आधी सांगून टाकते, काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे, गाडी ठीक आहे, मालकीणबाईही ठीक आहेत. पाकीट बघूनच आईच्या छातीत धडधडणार, म्हणून हे पहिल्यांदा. फोनवर बोलले असते, पण फोनवर आण्णा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आई रडायला लागते आणि माझं निम्मं पोटातच राहतं.

तर, लॅबमधली दुपारी दोन ते रात्री दहाची शिफ्ट मी कायमची घेतली. सही करून झाली. दाजींना रोज रात्री न्यायला पाठवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंय, ते नको. त्यांची फौंड्रीतली ड्युटी सकाळी सातची असते, माणसाने झोपायचं कधी? कागलला आत्याकडे राहायलाही मी जाणार नाही. आत्याला वाईट वाटू देऊ नका, दिवाळीत जाऊन येईन.

ही शिफ्ट का घेतली ते सांगते. सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत असते. संध्याकाळी काम शांतपणे होतं, चुका होत नाहीत, भत्ता मिळतो. सकाळ मोकळी मिळते, त्यामुळे भाकरी ताजी खाते. मी मागितली म्हणून मॅडमनी दिलेली शिफ्ट आहे, कुणी माझ्या गळ्यात मारलेली नाही. आणि आई, हे सांगलीमुळे नाही. तू विचारणार नाहीस, पण रात्री तेच डोक्यात घोळवत बसशील. सांगलीचं सांगलीत राहिलं.

दुसरी गोष्टही ठरवून झालेली आहे. सकाळी मी शिवाजी पेठेत मर्दानी खेळ शिकायला जाते, आणि शनिवारी तिथेच एक निवृत्त महिला फौजदार स्वसंरक्षणाचा तास घेतात. "या वयात काठी?" हा आईचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला. शाळेच्या पोरी आहेत, माझ्यापेक्षा मोठी एक बँकेतली बाई आहे, आणि दांडपट्टा तर तिच्याच हातात सगळ्यात शोभतो. मला अजून पट्ट्याला हात लावू देत नाहीत. नुसता पवित्रा आणि काठी. वस्ताद म्हणतात, "काठी घरात ऱ्हाती पोरी, पाय संगं येत्यात, आधी पाय शीक." त्यामुळे सध्या पोटऱ्या दुखतात, बाकी काही नाही. कंबरेला पट्टा बांधते, डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. गरम पाण्याची पिशवीही आहे. जेवण वेळेवर होतं. रात्री आल्यावर ताक-भात, आणि मालकीणबाई लोणचं संपू देत नाहीत.

शनिवारच्या तासाला काय शिकवतात ते नीट सांगते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर मारामारी येणार नाही. पहिले काही शनिवार तर कुणाला हात लावायचंच शिकवलं नाही, ओरडायला शिकवलं. हसू नका. हॉलमध्ये समोरासमोर उभं करून "मागं हो!" म्हणायचं, पोटातून. माझ्या तोंडून आवाजच निघेना. घशात काहीतरी आडवं आल्यासारखं झालं, पोरी खुसुखुसु हसल्या, मीही हसले, फौजदार बाई मात्र हसल्या नाहीत. "हळू बोल, बाहेर ऐकू जातंय" यावरच आम्ही सगळ्या वाढलो ना. तुला म्हणत नाही आई, सगळ्यांच्याच घरी तेच होतं. आता असं ओरडते की खालच्या गॅरेजमधला पोरगा वर बघतो. आणि नुसतं "वाचवा" म्हणायचं नाही. एका माणसाला धरून बोलायचं: "ओ निळा शर्ट, हा माणूस माझ्या मागं लागलाय, इकडं या." सगळ्यांना मिळून हाक मारली की जो तो दुसऱ्याकडे बघतो.

मग मनगट. कुणी धरलं तर मागे ओढायचं नाही, ओढाओढीत ताकदवालाच जिंकतो. धरणाऱ्याच्या मुठीला एकच फट असते, अंगठा आणि बोटं मिळतात तिथे. आपल्या मनगटाची बारीक कड त्या फटीकडे फिरवायची, मागे सरकायच्या ऐवजी कोपर त्याच्याच अंगाकडे घालायचं आणि हात झटक्यात वर काढायचा. आण्णा, रविवारी आलेय की माझा हात धरून बघा. जोर लावा, कौतुकाने सोडू नका. हात सुटल्यावर तिथे थांबायचं नाही, पळायचं. पर्स मागितली तर एका बाजूला फेकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. बाई सारखं बजावतात की जिंकायला नाही, घरी पोचायला शिकताय. किल्ल्या बोटांत धरून ठोसा मारायचा सल्ला लोक फार देतात, त्याने आपलीच बोटं मोडतात म्हणे. मिरचीचा स्प्रे मी घेतलाय. तो बाळगायला परवाना लागत नाही. पण पर्सच्या तळाशी पडून असेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि वारा आपल्याकडे वाहत असेल तर आपल्याच डोळ्यांत जातो. त्यावर तारीखही असते, औषधासारखी. आईच्या खर्ड्याला तारीख लागत नाही, तो वेगळा विषय.

आण्णा, तुमच्यासाठी एक. कोर्टात तुम्ही ज्या कलमांचे कागद लावत आयुष्य काढलं, त्या भारतीय दंड संहितेतल्या स्वसंरक्षणाच्या कलम 96 ते 106 चं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झालंय. आशय तोच: अंगावर आलं तर बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच, आणि धोका टळल्यावर पाठलाग करून बडवलं तर तो बचाव राहत नाही. बाईंनी हे विचारलं तेव्हा वर्गात मला एकटीला येत होतं. कुणामुळे, ते सांगायला नको.

रात्री येताना मी परीख पुलाखालून येत नाही. लांब पडतं, पण दिव्यांचा आणि दुकानांचा रस्ता धरते. गाडी लावतानाच किल्ली हातात, फोन खिशात, कानात काही नाही. मागची गाडी माझ्यासारखीच दोनदा वळली तर घराकडे वळायचंच नाही, रात्रभर उघड्या असणाऱ्या मेडिकलसमोर जाऊन थांबायचं. एकदा तसं केलं. तो बिचारा पुढच्या गल्लीतलाच निघाला, गोळ्या घेऊन गेला. लाज वाटली थोडी, पण बाई म्हणाल्या, असं लाजायला लागलं तरी चालेल. मालकीणबाई मी येईपर्यंत जिन्याचा दिवा घालवत नाहीत.

मला तुमचा राग आलेला नाही. काळजी कळते मला. पण आण्णा, वेदगंगेत पाठीला भोपळा बांधून तुम्हीच मला उतरवलंत. आई काठावर उभी राहून तुम्हाला नाही नाही ते बोलत होती. आणि एक दिवस न सांगता तुम्ही भोपळ्याची गाठ सोडलीत, मी चार हात तशीच पोहून गेले, आणि कळल्यावर भोकाड पसरलं. तुम्ही पाण्यात उभे होतात, छातीएवढ्या. त्या दिवशी आईने मला रात्रभर कुशीत घेतलं होतं आणि तुमच्याशी बोलली नव्हती. तेव्हा मला भीती वाटली नव्हती असं नाही. आताही वाटतेच.

आता माझं ऐका. शेजारच्या काकींच्या पाटल्या गेल्या तेव्हापासून मला झोप लागत नाही, तुम्ही मात्र "आपल्याला कोण फसवतंय" म्हणता. काकी आपल्यापेक्षा हुशार आहेत.

रस्त्यात कुणी "आम्ही पोलीस, पुढे भांडण झालंय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणालं तर काढायचे नाहीत. खरा पोलीस तसं सांगत नाही. सरळ जवळच्या दुकानात शिरायचं आणि 112 लावायचा. पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग, सगळ्याला तोच नंबर. आई, तुझ्या बटणांच्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरलं की तो लागावा असा 2017 पासून नियम आहे. तुझ्या फोनला लागतो का ते मी येऊन बघते, तू दाबून बघत बसू नकोस.

दुपारी भांडी, दागिने उजळून देतो म्हणत येणाऱ्यांना दार उघडायचं नाही, ऊन कितीही असू दे. पाणी मागितलं तर खिडकीतून द्या, पाप लागत नाही. मंगळसूत्र काढ असं मी म्हणणार नाही, पण कोल्हापूरच्या एस.टी.त बसताना मोठं घरी ठेव आणि छोटं पदराआड घाल. कुणी हिसकलंच तर धरून ठेवायचं नाही. सोनं मी करून देईन, खुब्याचं हाड कुठून आणू?

आण्णा, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस "तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात" म्हणाला तर फोन ठेवायचा. असली अटक कायद्यात कुठेच नाही, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 नंबरवर फोन करायचा, कारण जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात. अशा वेळी माझ्यापासून लपवू नका, मी ओरडणार नाही. थोडी ओरडेन.

पहाटेचं फिरणंही काळी शाल पांघरून नको. गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूने चाला. बीपीची गोळी चहाच्या आधी, आणि गुडघ्याचं तेल नुसतं कपाटात ठेवून गुण येत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. सेफ्टी डोअरचं माप घ्यायला सुतार दहाला येईल, त्याला "मुलगी आल्यावर या" म्हणून परत पाठवू नका. पैसे मी दिलेत. डोअरला साखळी आणि जाळी दोन्ही सांगितलीय, आई, म्हणजे तुझं दारातून गप्पा मारणं बंद होणार नाही.

तुमची,
माई