गोंधळी मामांना जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या धामधुमीत, रात्रभराचं जागरण अंगावर असताना तुम्ही साथीदारांसह आमच्या कॉलेजात आलात. बी.ए.च्या मुलांना लोकसाहित्याचा पेपर आहे. मौखिक, अनामिक, समूहाचं, परिवर्तनशील ही वैशिष्ट्यं मुलं पाठ करतात, लिहितात आणि मार्कही मिळवतात. त्या दिवशी मात्र संबळावर काठी पडली तशी शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गातली पोरंही दारात येऊन उभी राहिली. त्यांच्या सरांनीही खडू ठेवला, ते बरंच झालं.

चौक मांडताना तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होता. पाटावर तांदूळ, त्यावर कलश, भोवती उसाचा मखर, शेजारी दिवटी. मग गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, आणि त्यानंतर आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना गोंधळाला यायचं बोलावणं. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, यातलं काही गाळलं तर चालतं का? तुम्ही नाही म्हणालात. देवांना बोलावण्यात काटछाट नाही. आख्यानात मात्र तुम्ही राजे. यजमान पेंगायला लागले की कथा आवरायची, पोरंसोरं जास्त असली की विनोद वाढवायचा, आणि झिलकऱ्याने, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदाराने, मध्येच खोडा घातला की त्यालाच कथेत ओढायचं.

मामा, इतकी वर्षं मी 'परिवर्तनशील' हा शब्द शिकवतो आहे. पण बदल नेमका कुठे होतो आणि कुठे होऊ द्यायचा नसतो, याची रेघ तुम्ही आखून दिलीत. माझ्या टिपणांत आता पहिलं वाक्य तेच आहे.

मग तुम्ही जांभूळ आख्यान लावलंत. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते, कृष्ण ते ओळखतो, आणि तोडलेलं जांभूळ पुन्हा झाडाला लागावं म्हणून प्रत्येकाला आपलं सत्य बोलावं लागतं. व्यासांच्या महाभारतात हे नाही. पतिव्रतेच्या मनातलं हे खुलं सांगायची हिंमत लोकांच्या महाभारताने केली, तीही देवीसमोर, भर मंडपात आणि आयाबायांच्या देखत. पुढच्या बाकावरच्या मुली त्या वेळी ज्या एकाग्रतेने ऐकत होत्या, ती माझ्या तासाला कधी दिसली नाही. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, थोडा हेवा आहे इतकंच.)

एकीने विचारलं, हे लिहिलं कुणी? तुम्ही वडिलांचं नाव घेतलंत, मग त्यांच्या वडिलांचं, आणि हसून म्हणालात की त्यातल्या चार ओळी तुमच्याही आहेत, पण कुठल्या ते सांगणार नाही. 'अनामिक' म्हणजे कवीच नव्हता, अशी मुलांची समजूत असते. कवी पिढ्यान् पिढ्या होते, सही करायची पद्धत नव्हती.

करपल्लवी तर मुलांनी डोक्यावर घेतली. मागच्या बाकावरच्याने कानात नाव सांगायचं, तुम्ही बोटांच्या खुणा करायच्या आणि लांब उभ्या साथीदाराने ते नाव खणखणीत सांगायचं. आता आमच्या परीक्षा विभागाला त्याची धास्ती आहे!

एक गोष्ट तुम्ही गेल्यावर मी मुलांना सांगितली, ती तुमच्याही कानावर घालतो. एकनाथ महाराजांनी भारुडं रचली तेव्हा वासुदेव, जोगवा, गोंधळ ही तुमच्यासारख्यांची रूपंच उचलली. लिहिणाऱ्यांवर गाणाऱ्यांचं हे ऋण आहे, आणि अभ्यासक्रमात ते एखाद्या ओळीत उरकलं जातं.

शाल-श्रीफळ देऊन आम्ही तुमची बोळवण केली, हे मला खटकलं. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्यांना जे मानधन मिळतं तेच तुम्हाला मिळावं, असा अर्ज मी दिला होता. तो मंजूर झाला आहे. रक्कम खात्यावर जमा होईल. झिलकऱ्यांचा वाटा वेगळा दाखवला आहे. रेकॉर्डिंगची प्रत तुमच्या धाकट्या मुलाकडे दिली आहे. तुमच्या परवानगीशिवाय ते कुठेही चढवणार नाही.

पुढच्या वर्षीची तारीख तुम्हीच सांगा, लग्नतिथी सोडून. मुलांनी आतापासूनच विचारायला सुरुवात केली आहे.

तुमचा,
मराठीचा मास्तर