लाकडी ठशांनी चित्रं छापायला शिकवणाऱ्या सेन्सेईंना थँक्यू!

सेन्सेई, जपानीत आभार मानायचे म्हटलं की माझी गाडी अरिगातो गोझाइमासच्या पुढे सरकतच नाही, म्हणून सरळ मराठीत लिहितेय, लेक तुम्हाला वाचून दाखवेल आणि इथल्या, टोकियोतल्या निशी-कासाईच्या आपल्या मंडळींनाही कळेल तुम्ही काय चीज आहात ते.

जुन्या जपानी चित्रकाराची, होकुसाईची, ती प्रसिद्ध लाट मगवर, टीशर्टवर, आणि २०२४ पासून हजार येनच्या नोटेच्या मागेसुद्धा बघतोय, पण ती एकट्या होकुसाईची नाही हे तुम्ही सांगेपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं चित्र काढलं, मग कोरणाऱ्यानं तोच कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषा तेवढ्या ठेवल्या आणि बाकीचं लाकूड काढून टाकलं, म्हणजे मूळ चित्र तिथेच खल्लास! मला तर चुटपुटच लागली. मग रंगांच्या वेगळ्या फळ्या, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक वेगळा. आणि लाटेतला तो निळा रंग म्हणे मूळचा बर्लिनचा, १८३१ च्या आसपास परदेशी माणसांना जपानची दारं जवळपास बंद, रंग मात्र बिनधास्त आत, भारीच की.

लेक्चरं मी बरीच ऐकलीयत, स्लाइड सुरू झाल्या की डुलकी ठरलेली. तुम्ही मात्र पाचव्या मिनिटाला हातात बारेन, म्हणजे कागद घासायची ती गोल चकती, दिलात. ओलसर कागदाचा कोपरा फळीवरच्या खाचेत नीट बसवायचा, नाहीतर रंग रेषेबाहेर, आणि मग मनगटानं नाही तर खांद्यातून जोर देत गोल गोल घासायचं, हे तुम्ही माझा हात धरून करून घेतलंत, दहा माणसं रांगेत उभी असताना, एकदाही घड्याळ न बघता.

आणि हो, तुम्ही म्हणालात म्हणून सुमिदाच्या होकुसाई म्यूझियमलाही जाऊन आलो. तिथे त्याच्या खोलीचा हुबेहूब देखावा आहे ना, म्हातारा पांघरुणात शिरून जमिनीवर चित्र काढतोय आणि बाजूला मुलगी ओई, तिथून माझी लेक हलेचना. ओईपण चित्रकार होती मग तिची लाट कुठाय, असं विचारत होती, मला काय उत्तर देता येईना, तेव्हा ते आता तुमच्याकडे.

पुढच्या वेळी कोरायला शिकवणार म्हणालात, आमची दोघींची नावं लिहून ठेवा. चकल्या आणतेय, मागच्या वेळी तुम्हाला एकच मिळाली होती.