आपल्या फुटबॉल क्लबला वर्गणी हवी आहे, आणि त्याहून जास्त माणसं

सप्रेम नमस्कार.

स्टॉकहोमच्या उत्तरेकडच्या सोलेन्तुना, शिस्ता, उपलांड्स वेस्बी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांसाठी हे आवाहन. आपली बरीच मुलंमुली ज्या क्लबात खेळतात, त्याच्या पालक समितीतली आम्ही काही मराठी मंडळी ते करत आहोत. मागणं दोन आहे: नव्या हंगामासाठी वर्गणी, आणि प्रत्येक घरातून महिन्याला दोन-तीन तास. पैशांचं पुढे बोलूच. आधी क्लबविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्यातल्या अनेकांनी त्याचा क्लास करून टाकला आहे. फी भरली, पोराला फाटकाशी सोडलं, दीड तासानं न्यायला आलो, झालं!

स्वीडनमध्ये क्लब ही सभासदांची संस्था असते. तिला मालक नसतो. मोठ्या क्लबांनी फुटबॉलसाठी वेगळी कंपनी काढली, तरी मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच ठेवावं लागतं. इथं त्याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणजे उद्या कुणी शेठ येऊन आपला क्लब विकत घेईल आणि सगळं मार्गी लावेल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पेठेच्या जिवावर उभे राहतात. इथली पेठ म्हणजे आपण.

आपला मोठ्यांचा संघ डिव्हिजन 2 मध्ये खेळतो. नावात दोन असलं तरी पायरी चौथी आहे: वर ऑलस्वेन्स्कान ही सर्वोच्च लीग, मग सुपरएट्टान, मग एट्टान, आणि त्याखाली सहा गटांत विभागलेली ही डिव्हिजन. टीव्हीवर आपण दिसत नाही. पण खालच्या पायरीवरच्या अशा क्लबांचं खरं काम तक्त्यातल्या क्रमांकावरून कळतच नाही. पंधरा-सोळा वर्षांची चुणचुणीत पोरं आपल्याकडून एआयके, युरगोर्डेन, हॅमार्बी अशा स्टॉकहोमच्या मोठ्या क्लबांच्या अकादम्यांत जातात. त्यांना अडवायचं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे. उलट वरून खालीही पोरं येतात. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा वरच्या क्लबात बाकावर बसून गंजण्यापेक्षा आपल्याकडे येऊन तिशीच्या दांडग्या बचावपटूंशी नव्वद मिनिटं झुंजतो, मार खातो, शिकतो आणि परत जातो. नाव होतं ते वरच्या क्लबाचं.

याची मोठी उदाहरणं याच शहरात आहेत. स्वीडनचा फुटबॉलपटू देयान कुलुसेव्हस्की पश्चिम स्टॉकहोमच्या ब्रोमापोयकार्ना क्लबात लहानाचा मोठा झाला आणि 2016 मध्ये तिथून थेट इटलीतल्या अटालांटा क्लबाकडे गेला. स्वीडनचाच व्हिक्टर ग्योकेरेस त्याच क्लबातून पुढे आला, पण त्याचा पहिला क्लब होता दक्षिणेकडच्या ऑस्पुडनचा, आयएफके ऑस्पुडन-टेल्लुस. आपल्यासारखाच, मोहल्ल्यातला. 2025 मध्ये तो लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून आर्सेनलकडे गेला, तेव्हा ऑस्पुडनचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं.

‘मग तुम्हाला पैशाची काय कमी?’ असं इथं लगेच विचारलं जातं. विचारणाऱ्यानं फिफाची वाटणी अर्धवट ऐकलेली असते, म्हणून ती एकदा नीट सांगतो. खेळाडू परदेशी विकला गेला की त्या किमतीतले 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वयाच्या 12 ते 15 या प्रत्येक वर्षाचा पाव टक्का, 16 ते 23 या प्रत्येक वर्षाचा अर्धा टक्का. म्हणजे एखादं पोर बारा ते पंधरा ही चारही वर्षं आपल्याकडे खेळलं आणि पुढे कधीतरी एक कोटी क्रोनरला परदेशी विकलं गेलं, तर आपल्या वाट्याला एक लाख. बाराच्या आधीच्या वर्षांचं काहीच नाही, आणि आपली बहुतेक कुमक तर त्याच वयाची. स्वीडनमधलाच एक क्लब स्वीडनमधल्याच दुसऱ्या क्लबाला खेळाडू विकतो, तेव्हा आपल्याला ही वाटणी लागू होत नाही. एवढ्या ‘तर’ आणि ‘पण’वर हिवाळ्याच्या मैदानाचं भाडं भरता येत नाही. लॉटरी लागली तर घेऊच, अंदाजपत्रकात मात्र ती धरत नाही.

सरकारी मदत मिळते, पण ती हजेरीवर. 7 ते 25 वयाची मुलं सरावाला आली की दर सरावामागे, दर मुलामागे थोडे क्रोनर क्लबाला मिळतात. म्हणून प्रशिक्षक मोबाइलवर हजेरी घेतो. पोरगं येणार नसेल तर ॲपवर आधी कळवा, येणार असेल तर वेळेवर पाठवा. ही एवढी मदत तर पदरचा एक क्रोनर न घालता होते.

आता वर्गणीचे पैसे जातात कुठे? पहिला हिस्सा फी न परवडणाऱ्या घरांसाठी. ती मुलं कोण, हे खजिनदाराशिवाय कुणाला कळत नाही आणि कळू द्यायचंही नाही. आपल्यातही एखाद्याची नोकरी जाते, व्हिसा अडकतो, घरात एकाचाच पगार उरतो. अशा घरानं पोराला क्लबातून काढण्याआधी आमच्याशी बोलावं. दुसरा हिस्सा डिसेंबर ते मार्चच्या सरावासाठी. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो तेव्हा दिवे लावलेलं, बर्फ काढलेलं मैदान तासाच्या हिशेबानं मिळतं, आणि ते तास मिळवायला सगळ्यांचीच धडपड असते. तिसरा हिस्सा प्रशिक्षकांच्या शिक्षणाचा. आपले प्रशिक्षक बहुतेक आईबापच आहेत, पगार कुणालाच नाही. निदान त्यांच्या सी डिप्लोमाची फी तरी त्यांच्या खिशातून जाऊ नये. मुलींच्या संघाला दोन प्रशिक्षक तातडीनं हवे आहेत, स्त्रिया असतील तर फारच उत्तम. फुटबॉल खेळलेलं असायलाच हवं असं नाही.

माणसांची गरज याहून मोठी आहे. शनिवारी-रविवारी मैदानावरची टपरी चालवायला चार माणसं लागतात: कॉफी, दालचिनीचे बुल्ले (गोड पाव), पावात घातलेलं सॉसेज. मागच्या शरदात एका घरानं बटाटेवडे आणले आणि मध्यंतराआधीच संपले, तेव्हा वड्यांना आमची ना नाही. फक्त घटक पदार्थांची चिठ्ठी लावा, आणि शेंगदाणा घातलेलं काहीही आणू नका. साबुदाणावडा नको, कोशिंबिरीवर कूटही नको. दाण्यांची ॲलर्जी असलेली मुलं संघात आहेत आणि तिथं गंमत चालत नाही.

आता क्लबासाठी पैसे जमवायला मुलं दारोदार टॉयलेट पेपर आणि मोजे विकतात, त्याविषयी. होय, आपल्याला लाज वाटते. पुण्यामुंबईत सोसायटीत दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे घेऊन फिरलो असतो तर घरच्यांनी काय म्हटलं असतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण इथं प्रत्येक क्लबातली पोरं हेच करतात, शेजारी दार उघडतो तेव्हा त्याला कारण माहीत असतं, आणि घरात लागणारी वस्तूच तो घेतो. 23 डिसेंबरच्या बिंगोलोटोची, म्हणजे टीव्हीवरच्या लॉटरीची, तिकिटंही तशीच. मुलांना एकटं पाठवू नका, आपण सोबत जा. स्वीडिश बोलायचा सराव फुकटात होतो, तो वेगळाच.

मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडचा गुन्ह्यांच्या नोंदीचा उतारा दाखवावा लागतो. स्वीडनच्या क्रीडा महासंघाचा हा नियम 2020 पासून सगळ्या क्लबांना आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येतो, उतारा मोफत मिळतो, पण यायला वेळ लागतो. तेव्हा मार्चची वाट बघू नका.

जुने बूट देण्या-घेण्याची फळी यंदाही लावतोय. पोरांचे पाय हंगामागणिक वाढतात आणि चांगले बूट माळ्यावर पडून राहतात. धुवून, आत शिरलेल्या कृत्रिम गवतातल्या काळ्या रबराच्या गोळ्या झटकून, नाड्या एकमेकींना बांधून, टाचेवर माप लिहून आणा. 30 ते 36 मापाचे सगळ्यात लवकर उचलले जातात. फाटके आणू नका, ते टाकायचं कामही आम्हालाच पडतं.

एक कडवट गोष्टही सांगून टाकतो. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण फार ओरडतो. बारा वर्षांपर्यंतच्या सामन्यांचे तक्ते इथं ठेवतच नाहीत, सहा-सात वर्षांची पोरं तीनास तीन खेळतात, आणि तरी ‘कितवे आलात?’ हा प्रश्न गाडीत बसेपर्यंत विचारून झालेला असतो. प्रशिक्षकानं सगळ्यांना सारखा वेळ खेळवलं म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. आणि लहानांच्या सामन्याचा पंच हा पंधरा वर्षांचा, शिट्टी हातात धरून घाबरलेला, कुणाचातरी मुलगा किंवा मुलगी असते. त्यांच्यावर मराठीतूनही ओरडायचं नाही. सूर कळतो.

वर्गणीचा आकडा ज्यानं त्यानं ठरवावा. 200 क्रोनर दिलेत तरी आनंद आहे, जास्त दिलेत तर त्याहून आनंद. काहीच जमणार नसेल तर टपरीवरची एक सकाळ द्या. ज्यांच्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या क्लबांना प्रायोजकत्व देतात, त्यांनी आपल्या ऑफिसात एकदा विचारून बघावं. सराव-शर्टाच्या पाठीवर जागा मोकळी आहे. ज्यांना मूलबाळ नाही, किंवा ज्यांची मुलं मोठी होऊन गेली, त्यांनाही सभासद होता येतं आणि वार्षिक सभेत मत देता येतं.

स्विशचा (मोबाइलवरून पैसे पाठवायच्या ॲपचा) क्रमांक फक्त क्लबच्या कार्यालयातल्या फलकावर आणि टपरीच्या खिडकीवर लावलेला आहे. कुणी फोनवर किंवा मेसेजमधून दुसरा क्रमांक सांगितला तर पैसे पाठवू नका. पैसे पाठवताना संदेशात ‘वर्गणी’ आणि मुलाचा संघ लिहा, म्हणजे खजिनदाराचं डोकं शाबूत राहील. सगळा हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल, प्रश्न जरूर विचारा.

टपरीच्या पाळ्यांचा तक्ता कार्यालयाच्या दारावर आहे. एप्रिलचे पहिले दोन शनिवार अजून रिकामे आहेत.

आपले,
पालक समितीतले मराठी सदस्य