'जा'ने संपणारं नाव

अमळनेर,
श्रावण शुद्ध तृतीया

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या लेकीच्या नावाबद्दल विचारलेलं पत्र मिळालं. थोरली गिरिजा, तेव्हा धाकटीचंही नाव 'जा'नेच संपायला हवं. गल्लीत दुसरी कुणी त्या नावाची नको. आणि कुणी अर्थ विचारला तर अडखळायची वेळ यायला नको. त्यात मूळ नक्षत्राचं तिसरं चरण, म्हणजे अक्षर 'भा'. २७व्या दिवशी नक्षत्र फिरून येईल तेव्हा त्याची शांत आणि त्यालाच जोडून बारसं, असं लिहिलंयस. मधे कानबाईचे रोट, आपला खान्देशी सण, आहेत, म्हणजे घरात निवांत बोलायला चार-पाच दिवसच मिळतील. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी आईंच्या आक्षेपाचं. "पोरीला हाक मारायची आणि शेवटी जा जा करायचं, हे कसलं नाव?" त्यांना सांग, 'घरी जा' मधला जा वेगळा आणि गिरिजातला वेगळा. दोन्ही म्हणून बघ. 'घरी जा' म्हणताना जीभ दातांच्या मागे लागते, 'जाड', 'जाऊ', 'जग' म्हणताना लागते तशी. 'जन्म', 'जय' म्हणताना ती टाळूला लागते. नावातला जा हा दुसरा, जन्मातला. मूळच तिथलं आहे: संस्कृतात जन् म्हणजे जन्मणं, त्याला समासात प्रत्यय लागला की त्याचा नुसता ज उरतो, आणि स्त्रीलिंगी झाला की जा. गिरीपासून जन्मली ती गिरिजा.

तेव्हा अशा नावात 'जा' सगळ्यांचा सारखाच. खरं नाव म्हणजे त्याच्या आधीचा शब्द. कशापासून जन्मली, कशात जन्मली किंवा कुणानंतर जन्मली, या तिन्हींपैकी एका प्रश्नाला तो शब्द उत्तर देत असेल तर नाव धड. पाणिनीनेही ही तीन प्रकरणं वेगवेगळ्या सूत्रांत सांगितली आहेत. उत्तर मिळत नसेल, तर ते नाव कुणीतरी कानाला गोड लागतं म्हणून जुळवलेलं समजावं. हल्ली अशी पुष्कळ फिरतात. 'त्रिजा'चा अर्थ कुणाला विचार, प्रत्येक जण वेगळा सांगेल.

'कुणानंतर' हा प्रकार तुला उपयोगी पडेल, म्हणून त्याचं आधी. अनुजा म्हणजे मागून जन्मलेली, धाकटी बहीण. लोक पहिल्या मुलीचंच ठेवतात आणि मग दुसरीला काय म्हणायचं ते कळत नाही. थोरलीला अग्रजा किंवा पूर्वजा शोभेल, पण 'पूर्वजा' ऐकलं की पितृपक्ष आठवतो. तुझ्याकडे धाकटी आहे, अनुजा अर्थाने अगदी बरोबर बसेल; फक्त ते आता फार झालंय. आत्मजा, तनुजा, अंगजा ही तिन्ही 'लेक' याच अर्थाची. चुकीचं काही नाही, पण लेकीचं नाव 'लेक' ठेवण्यात मला गंमत वाटत नाही.

गिरिजेच्या बहिणीसाठी सगळ्यात आधी खोडायची ती शैलजा, अद्रिजा, नगजा, हिमजा. सगळ्यांचा अर्थ पर्वतकन्या, म्हणजे पार्वतीच. दोघी बहिणींना एकच नाव दिल्यासारखं होईल. अद्रिजा तर कानालाही घोटाळ्यात पाडते: स्वयंपाकघरातून हाक मारलीस तर ओसरीवर दोघींनाही फक्त 'रिजा' ऐकू जाणार. एरवी अद्रिजा हे मोठं मानाचं नाव आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात हंसाची जी ऋचा आहे, तिच्या शेवटच्या ओळीत अब्जा, गोजा, ऋतजा, अद्रिजा हे चार शब्द ओळीने येतात. तिथे ते मुलीचे नव्हेत, हंसाचेच, पुल्लिंगी. पण ऋतजा, सत्यनियमातून जन्मलेली, हे मुलीला कुणी ठेवलं तर मला आवडेल. अडचण एवढीच की शाळेतले गुरुजी ती चूक समजून 'ऋतुजा' करून टाकतील. अब्जा म्हणजे पाण्यातली, कमळ. पण आपल्याकडे अब्ज म्हणजे शंभर कोटी, त्यामुळे पोरं 'अब्जाधीश' म्हणून चिडवणार.

पार्वतीचंच एक राहिलं, अगजा. अ-ग म्हणजे जो जात नाही तो, पर्वत. 'अगजाननपद्मार्कं' म्हणतो ना आपण, तिथे ही अगजा आहे: अगजेच्या आनन-कमळाचा सूर्य तो गजानन. निम्मे लोक ते 'अ-गजानन' असं तोडून म्हणतात. नाव सुरेख, पण खान्देशात दर गल्लीत एक गजा असतो, आणि मुलगी दहावी होईपर्यंत 'गजा'च राहील.

पाण्यातल्यांची रांग मोठी आहे. जलजा, नीरजा, वारिजा, अंबुजा, पंकजा, सरोजा, सगळी कमळं. अंबुजा आता सिमेंटच्या गोणीवर आहे, ते सोड. यातल्या नीरजाची एक खुबी सांगतो. नीर-जा म्हटलं तर कमळ. पण निर् आणि रजस् जोडलं तरी, एक र गळून आधीची इ दीर्घ होऊन, नीरजाच होतं: जिला धूळ लागलेली नाही ती. एकाच नावात दोन अर्थ, दोन्ही चांगले. विरजा मात्र दिसते 'जा'ची आणि असते रजाची. तिथे जन्माचा काही संबंध नाही. पूजा आणि ऊर्जा यांचंही तसंच, शेवट सारखा पण धातू वेगळे. वनजा पाहून लोक रान समजतात, पण संस्कृतात वन म्हणजे पाणीही होतं, म्हणून वनज म्हणजेही कमळ. लक्ष्मीसाठी सिंधुजा आणि अब्धिजा आहेत, समुद्रातून आलेली म्हणून. मोत्यासाठी शुक्तिजा, शिंपल्यातली. कारकून त्याचं शक्तिजा करील हे धरून चाल. चंदनासाठी मलयजा.

सीतेची नावं घेताना मराठी कानाने एकदा तपासून घ्यावं. भूमिजा, अवनिजा, उर्वीजा, क्षितिजा ही चांगली. क्षितिजा म्हटलं की लोकांना आभाळ टेकतं ते क्षितिज आठवतं. हरकत नाही, पण अर्थ 'भूमीतून आलेली' असाच सांगावा. भूजा म्हणजेही सीताच, पण भू दीर्घ. एकदा कुणी ऱ्हस्व लिहिला की भुजा, म्हणजे दंड. आणि 'कु' म्हणजेही पृथ्वीच, म्हणून मंगळाला कुज म्हणतात. पण कोशात सापडली म्हणून मुलीचं नाव कुजा ठेवू नये. मराठीत कुजतं ते काय, ते सांगायला नको. कोशात बघून नाव ठेवणाऱ्यांची हीच चूक होते: संस्कृतात तपासतात, मराठीत हाक मारून बघत नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाचं आणि जोडाचं एकदाच सांगून टाकतो. एकटा शब्द आपण गिरी, भूमी, रवी असा दीर्घ लिहितो. समासात आधी आला की तो मूळ ऱ्हस्व होतो. म्हणून गिरिजा, भूमिजा, रविजा, भानुजा, सिंधुजा. गिरिजेच्या दाखल्यावर 'गिरीजा' झालं असेल तर या निमित्ताने तेही बघ. मही, उर्वी हे मुळातच दीर्घ, म्हणून महीजा, उर्वीजा. शब्दाच्या शेवटी अस् असेल तर त्याचा ओ होतो: सरस् वरून सरोजा, पयस् वरून पयोजा. हे माहीत नसलेले लोक 'तेजसजा' करतात, आणि ते दोन्ही भाषांत अडतं.

मग आपल्या तोंडचं. अहिराणीत आणि लेवा बोलीतही ळ चा य होतो: डोळा डोया, केळी केयी. म्हणून कमळजा, लोणारच्या देवीचं इतकं देखणं नाव, आपल्याकडे कमयजा होणार. ण चा न होतो, म्हणून धरणिजाची धरनिजा. ऋ आपण रु म्हणतो, सीमेपलीकडचा हिंदी माणूस रि म्हणतो, आणि मग एकाच मुलीच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंगं. ज्या घरातली माणसं उद्या सुरतेला किंवा इंदूरला जातील, त्यांनी ऋ, ळ आणि ण ही तीन अक्षरं टाळलेली बरी.

आता 'भा'. या अक्षरावर 'जा'ची नावं थोडीच आहेत, आणि त्यातलं एक तुझ्या घरासाठीच ठेवल्यासारखं आहे: भानुजा. भानु म्हणजे सूर्य. सूर्याच्या दोन मुली नद्या झाल्या, संज्ञेची यमुना आणि छायेची तपती. तपती म्हणजे आपली तापी. यमुनेचं 'सूर्यतनया' हे नाव अमरकोशात आहे, म्हणून भानुजा म्हटलं की पंडित यमुना सांगतील. तुझ्यासारख्या शहाद्याच्या माणसाने तापी सांगावी. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर उभं राहून यमुना कशाला आठवायची? मुलताईला उगवून ७२४ किलोमीटर वाहत जाणारी ही नदी आपल्या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून जाते. आषाढ शुद्ध सप्तमी ही तिची जयंती, आणि बाळ आलं ते त्यानंतर आठवड्याने.

महाभारताच्या आदिपर्वात तिची कथा आहे. गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, मी कौंतेय, तापत्य कसा? तेव्हा तो सांगतो: सूर्याची मुलगी तपती, तिचं लग्न राजा संवरणाशी झालं, त्यांचा मुलगा कुरु, आणि तुम्ही त्या कुरूचे वंशज. कौरव-पांडवांची मूळ आई तापी आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आणि तिथेच तपतीला 'सावित्र्यवरजा' म्हटलंय, म्हणजे सावित्रीची अवरजा, धाकटी बहीण. बघ, थोरलीच्या मागून आलेली, तीही 'जा'नेच.

एक आक्षेप येईल, तयार राहा. पुल्लिंगी भानुज म्हणजे शनी. कुणी ज्योतिषी भुवया चढवील, त्यातून मूळ नक्षत्र. त्याला सांगायचं की तपती शनीची सख्खी बहीण, दोघं छायेचीच. बहिणीच्या नावाला शनी कशाला रागवेल? मूळ नक्षत्राबद्दल मात्र मी काही बोलत नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. दुसरा एखादा म्हणेल, मनुस्मृती नदीचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून नको म्हणते. त्याच्या आजीचं नाव विचार. गोदावरी, कृष्णा किंवा यमुना निघण्याचा संभव आहे. उलट पारस्कर गृह्यसूत्र, घरच्या संस्कारांचा जुना ग्रंथ, म्हणतं, मुलीच्या नावाची अक्षरं विषम असावीत आणि शेवटी आ असावा. भा-नु-जा, तीन आणि आ. त्याच सूत्रात पुढे 'तद्धित', म्हणजे नामाला प्रत्यय लावून केलेलं, असं म्हटलंय आणि धातूपासून आलेला 'जा' त्यात बसत नाही, पण गिरिजेच्या वेळी कुणी ते काढलं नव्हतं.

पूर्ण नाव जड वाटलं तर घरात भानू होईल, हे मात्र धर. भानुदासाचाही भानूच होतो. सूनबाईंना तेवढंच खटकत असेल, तर पत्रिकेत भानुजा ठेवा आणि व्यवहारात उर्वीजा. जन्मनाव आणि व्यवहारनाव वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. भास्करजाही अर्थाने तीच, पण चार अक्षरं आणि मधे जोडाक्षर, पाळण्यातल्या बाळाला जरा अवजडच.

एक करून बघ. परसात उभा राहून सूनबाईंना आत बसव आणि दोन्ही नावांनी पाच-सहा वेळा मोठ्याने हाक मार: "गिरिजे! भानुजे!" कुणाला हाक मारली ते आत न चुकता कळलं पाहिजे.

शेवटचं काम कागदाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. तुमची झालीच असेल, नाव रिकामं ठेवून. नाव १२ महिन्यांच्या आत घातलं तर विलंब शुल्क नाही, नंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं, पण इतकी वाट कशाला? १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा त्यावरची चूक पुढे सगळीकडे जाते. तोंडी सांगू नकोस, चिठ्ठी दे. देवनागरीत लिही: भा, मग नु ऱ्हस्व, मग जा. खाली इंग्रजीत बी-एच-ए-एन-यू-जे-ए. 'डबल ओ' घालू देऊ नकोस, शेवटी दोन 'ए' घालू देऊ नकोस. छापण्याआधी पडद्यावर दाखवा म्हण आणि दोन्ही ओळी बोट ठेवून वाच. आधार काढताना हाच दाखला समोर धर.

रोटांचं आमंत्रण पोचलं. आईंना नमस्कार, गिरिजेला आशीर्वाद.

तुझा,
वसंत