रविवारची फेरी : नरसोबाची वाडी ते कुरुंदवाड

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला कोल्हापूर मध्यवर्ती बसस्थानकावर जमायचे आहे. वाडीला एसटीनेच जाऊ. चालणे सुमारे तीन किलोमीटरचे, सगळे सपाटीवर. गुडघे दुखतात म्हणून घरी बसणाऱ्यांनी तर नक्की या.

आपल्या घाटावरून रोज दिसणारी पंचगंगा वाडीला कृष्णेत मिसळते. प्रयाग चिखलीला तिचा उगम आपण पाहिलाच आहे, आता तिचा शेवटही पाहू. घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ शांत बसायचे आहे. पावसाळ्यात पाणी थेट दत्त मंदिराच्या गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते आणि दक्षिणद्वार सोहळा होतो. नदी इतकी खाली असताना ते खरेच वाटत नाही. मग पंचगंगेवरच्या पुलावरून कुरुंदवाडला. तिथे संताजी घोरपडे यांच्या समाधीपाशी जाऊ. मला स्वतःला ही जागा फार जवळची वाटते, घाईत उरकू नये.

सध्या उसाचा हंगाम आहे. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर सतत असतात, म्हणून एका ओळीत, उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चाला. नदीकाठी सकाळी दव आणि पायऱ्यांना शेवाळ असते. चपला नकोत, बूट घाला. पाण्यात कोणीही उतरायचे नाही, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.

पाण्याची बाटली, टोपी आणि दशमी-चटणी सोबत असू द्या. पेढे आणि बासुंदी परतताना वाडीत.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत नावे कळवावीत.