ऑल्बरीहून आप्पांना

ती. आप्पा आणि सौ. आईस सा. नमस्कार,

आप्पा, ऑस्ट्रेलिया कुणाशी लढून स्वतंत्र झाला असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. लढाई झालीच नाही. १ जानेवारी १९०१ ला सहा ब्रिटिश वसाहतींचा मिळून एक देश झाला. त्याआधीची दहाएक वर्षं मात्र लग्नाच्या बैठकीसारखी, देण्याघेण्यावर अडलेली.

आमचं गाव मरी नदीच्या काठावर. अलीकडे न्यू साउथ वेल्स, पलीकडे व्हिक्टोरिया, या त्या सहांतल्याच दोन वसाहती. तेव्हा नदी ओलांडली की मालावर जकात. व्हिक्टोरियाला आपले कारखाने जपायचे होते, न्यू साउथ वेल्सला खुला व्यापार हवा होता. त्यामुळे एकीची खरी निकड सीमेवरच्या लोकांना. १८९३ साली इथून जवळच्या कोरोवात परिषद भरली. तिथे जॉन क्विक यांनी तोडगा मांडला: लोकांनीच प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी घटना लिहावी आणि तिच्यावर पुन्हा लोकांचं मत घ्यावं.

१८९८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मतदानात होकार जास्त पडले, तरी घटना अडकली. अट ८० हजार होकारांची, मिळाले ७१,५९५. मग घासाघीस. राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब. ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला. पुढच्या वर्षी गाडं पुढे सरकलं. सुरुवातीला बोलण्यांत असलेल्या न्यूझीलंडने शेवटी अंग काढून घेतलं.

आता तुमच्या रेल्वे खात्यातली गोष्ट. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, आमच्याकडे ४ फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियात ५ फूट ३ इंच. कुर्डुवाडीला बार्शी लाइटसाठी गाडी बदलायचे, तसं इथे सिडनी-मेलबर्नच्या सगळ्या उतारूंना बोचकी घेऊन उतरावं लागे. त्यासाठी बांधलेला लांबलचक प्लॅटफॉर्म अजून आहे. चालून पाहिला, दमायला होतं! देश एक झाला १९०१ ला, ही दोन शहरं एका गेजवर आली १९६२ ला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नव्या संसदेने पहिल्याच वर्षी कायदा केला: येणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन घालायचं, नापास झाला की परत. तो होता आपल्यासारख्यांना रोखायला. इथल्या आदिवासींना तर लोकसंख्येत मोजायचंच नाही, असं घटनेतच होतं. ते कलम १९६७ ला गेलं.

आई, गोडा मसाला संपत आलाय. कुणी येणारं असेल तर पाठव. गुडघ्याचं तेल नेमाने लाव.

तुमचा,
बाळू