शाळेपुढे रस्ता ओलांडून द्यायला मोठं माणूस हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो. आता निवृत्त आहे आणि रोज नातीला शाळेत सोडतो. ती दुसरीत आहे. शाळा साताऱ्यातली, राजवाडा आणि पोवई नाका यांच्या मधली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शहरातल्या बऱ्याच शाळांपुढे हीच तऱ्हा आहे.

गेल्या सोमवारी शाळेसमोर एक रिक्षा उभी होती, तिच्यापुढे माल उतरवणारा टेम्पो. त्या दोघांच्या फटीतून एक पोरगं रस्त्यावर आलं, पहिलीतलं असेल. पलीकडे त्याची आई उभी होती. तिच्याकडे बघतच ते पळालं. उतारावरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली. पोराच्या घोट्याला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. गळ्यातली निळी पाण्याची बाटली मात्र चाकाखाली जाऊन चपटी झाली. ती उचलून मी त्याच्या आईला दिली, तर त्या माउलीचे हात इतके कापत होते की बाटली पुन्हा खाली पडली.

त्या मोटारसायकलवाल्याला मी बोल लावणार नाही. साडेतीन फुटांचं पोर उभ्या टेम्पोआडून येतं तेव्हा ते कुणालाच दिसत नाही. बसच्या सीटवरून तर अगदी पुढ्यात आलेलं पोरही काचेखाली झाकलं जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. उतार आणि ओला रस्ता असेल तर आणखी जास्त. राजवाड्याकडून नाक्याकडे येताना उतारच आहे आणि साताऱ्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वयाच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग समजतच नाही, त्यामुळे ‘नीट बघून जा’ म्हणून भागत नाही.

त्यात वेळेचाही प्रश्न आहे. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवायचे नाहीत, असा शासनाचा निर्णय झाला. मुलांची झोप होते, निर्णय चांगलाच आहे. पण आता सगळ्यांत लहान मुलं नेमकी ऑफिसच्या गर्दीत रस्त्यावर येतात.

आमच्या नातीच्या शाळेपुढचे झेब्रा पट्टे पहिल्या दोन पावसातच पुसले. ते थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे वितळवून रस्त्यावर बसवलेल्या टिकाऊ रंगाचे हवेत. गतिरोधकही हवा, पण कुणीतरी डांबर ओतून केलेला उंचवटा नको. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा हवा, म्हणजे वेग कमी होतो आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कंबरही मोडत नाही. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकही गाडी उभी राहता कामा नये. फूटपाथ हा चालणाऱ्याचा घटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलंय. आमच्याकडे त्यावर दुचाक्या लागलेल्या असतात आणि मुलं गटारीच्या कडेने चालतात.

पण यातलं एकच आधी होणार असेल, तर तिथे माणूस उभा करा. मोठा माणूस. आरएसपीची, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकातली मुलं शिट्टी घेऊन उभी राहतात, त्यांचं कौतुकच आहे. त्यांनी लहानांना फूटपाथवर थोपवून धरावं. पण गाड्या अडवायला तेरा वर्षांच्या मुलाला रस्त्यात उभं करणं मला पटत नाही. त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, हे मी रोज बघतो. वाहतूक पोलीस प्रत्येक फाटकावर पुरणार नाहीत, हेही समजतं. होमगार्ड द्या, वॉर्डन नेमा. सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून दोन-अडीच तासांचं काम आहे.

याबद्दल मी लेखी अर्ज दिला होता. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्याकडे. म्हणून आपल्या पत्रातून लिहितोय.

माझ्या ओळखीचे आणखी तिघे निवृत्त चालक हे काम विनामोबदला करायला तयार आहेत. आम्हाला चमकतं जाकीट, ‘थांबा’ लिहिलेली हातपाटी आणि सहीशिक्क्याचं ओळखपत्र द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सकाळी आम्ही हजर असू.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सातारा